क्वेकरांच्या घरी अबोला

पहिली वीस मिनिटं कोणी काही बोललं नाही. त्यात नवल नव्हतं. एल्डर क्रीक कॉलेजात कुठलीही सभा गप्प बसूनच सुरू व्हायची, मग विषय परीक्षेचा असो की सायकली कुठे लावायच्या त्याचा. नवल एवढंच, की त्या दिवशी त्या सहा जणांत मी एकटी रागाने गप्प होते, आणि बाकीच्यांच्या गप्प बसण्यात माझं गप्प बसणं असं मिसळून गेलं होतं, की दुधात पाणी घातल्यावर ते कुणी कसं निवडून काढावं.

मार्च महिना. खिडकीबाहेर बर्फ वितळत होतं. पागोळ्या पडत होत्या. टेबलाच्या एका टोकाला लॉइड बसले होते. ते रसायनशास्त्र शिकवायचे आणि या समितीचे क्लार्क होते. आमचे आप्पा विट्याच्या हायस्कुलात क्लार्क होते, त्यामुळे हा हुद्दा मला घरचा वाटायचा; पण इथला क्लार्क म्हणजे सभेचं मन ओळखणारा माणूस. हे कॉलेज क्वेकर लोकांनी काढलेलं. ख्रिस्ती लोकांतलाच हा एक पंथ. त्यांच्यात पुजारी नाही, घंटा नाही, आरती नाही. देव प्रत्येकाच्या आत थोडाथोडा आहे, गप्प बसलं की तो बोलतो, एवढंच त्यांचं म्हणणं. सभेत मतं मोजायची नाहीत. सगळ्यांचं मन एका ठिकाणी येईपर्यंत बसायचं, आणि ते आलं की क्लार्कनं ते कागदावर उतरवायचं.

"इथे हात वर करून कोणी जिंकत नाही," माझी खोलीतली मैत्रीण मार्सी मला पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती. "सहातले पाच एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला असेल, तर निर्णय होतच नाही. एकटा माणूस सगळं थांबवू शकतो. माझ्या घरी हे चालू केलं असतं तर आम्ही अजून १९६९च्या जेवणाला काय करायचं ते ठरवत बसलो असतो."

मार्सी न्यू जर्सीची. ज्यू घरातली, पाच भावंडांतली, झोपेतसुद्धा बोलणारी. अभ्यासक्रम समितीवर विद्यार्थ्यांचे दोन प्रतिनिधी होते, एक ती आणि एक मी. तिला बोलायची हौस म्हणून तिने नाव दिलं होतं. माझं नाव तिनेच दिलं होतं.

अखेर डीननी घसा साफ केला. ते नवे आले होते, क्वेकर नव्हते, पण शिकत होते.

"हॅनाच्या वर्गाचा प्रश्न आहे," ते म्हणाले. "यंदा चार विद्यार्थी आहेत."

"पाच," मार्सी म्हणाली.

"पाचवा नुसता ऐकायला येतो."

"लोकगीतांच्या वर्गात दुसरं काय करतात?"

डीन हसले. वाईट माणूस नव्हता. "हा वर्ग भरतो त्या तबेल्याच्या जागेत कॉम्प्युटरची खोली करावी, असा विचार पुढे आला आहे. हॅना सत्तरीच्या आहेत. हे काम या जूनमध्ये खाली ठेवावं का, असा प्रश्न मी सभेपुढे ठेवतो."

एल्डर क्रीकमध्ये काहीही बंद करत नसत, खाली ठेवत. जणू डोक्यावरची घागर.

मी मांडीवर हात ठेवले, डोळे खाली केले आणि अबोला धरला.

*

हॅनाबाईंचं खरं नाव हॅना थॉर्न. इथे सगळे सगळ्यांना नावाने हाक मारत, विद्यार्थी प्राध्यापकांना, प्राध्यापक अध्यक्षांना. माझी जीभ वळेना. शिकवणाऱ्या बाईला नुसतं हॅना म्हणायचं म्हणजे भर बाजारात डोक्यावरचा पदर काढल्यासारखं वाटे. मी पहिल्या दिवशी नकळत "हॅनाबाई" म्हणून गेले आणि दिवाळीपर्यंत सगळं कॉलेज त्यांना हॅनाबाई म्हणू लागलं, माळीसुद्धा. माझ्या सहा महिन्यांच्या वास्तव्याची कॉलेजवर तोवर पडलेली ती एकमेव खूण.

त्या जुन्या वळणाच्या क्वेकर होत्या. शंभर वर्षांपूर्वीच्या रीतीप्रमाणे अजूनही सगळ्यांना अरेतुरे करायच्या, कारण देवापुढे सगळे सारखे. तरुणपणी डोंगरातल्या वस्त्यांवर हिंडून त्यांनी म्हाताऱ्या बायांची गाणी टेपवर घेतली होती. घोड्यांच्या जुन्या तबेल्यात त्यांचा वर्ग भरायचा आणि तबेल्यामागच्या पांढऱ्या घरात त्या राहायच्या. घर कामाबरोबर मिळालेलं होतं. काम गेलं की घरही जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते सभेत कोणी म्हणत नव्हतं.

ऑक्टोबरात, पहिल्या थंडीत, मी त्या घरात जाऊन रडले होते. कारण सांगण्यासारखं नव्हतं. चार दिवस मी कुणाशी वाक्यभर बोलले नव्हते, एवढंच. हॅनाबाईंनी डोळे पुसायला काही दिलं नाही, समजूतही काढली नाही. टेपरेकॉर्डर पुढे सरकवला.

"तुझ्या घरी कोण गातं?" त्यांनी विचारलं.

"आत्या. दळताना. आता गिरणी आली, पण ती गव्हाचे खडे निवडतानाही गाते."

"म्हण."

मी म्हटलं:

माझ्या ना मनातलं, कुणा सांगू मी सये बाई
विहिरीच्या पाण्यावानी, वर शांत, तळ न्हाई

"तळ नाही म्हणजे खोल?"

"खोल पण. आणि हाती लागत नाही ते पण."

"दोन्ही लिहिते," त्या म्हणाल्या. "पुन्हा म्हण. सावकाश. तुझ्या आत्याला घाई आहे का?"

तेव्हापासून दर मंगळवारी मी तिथे जायची. आत्याच्या ओव्या मला इतक्या येतात हे मलाही तिथेच कळलं. त्या कॉलेजात माझा आवाज ऐकलेलं एकच यंत्र होतं, आणि एकच बाई.

*

आता अबोल्याचं सांगते.

मला अमेरिकेला धाडायला आप्पा तयार नव्हते. सांगलीच्या कॉलेजातल्या इंग्रजीच्या बाईंनी फॉर्म आणून दिला, शिष्यवृत्ती मिळाली, सगळं झालं आणि आप्पांनी सही करायला नकार दिला. आई रडली. मी जेवण सोडलं, ते दुसऱ्या दिवशी दुपारी धरलं. बनूआत्या मात्र रडली नाही, भांडली नाही. आत्या विधवा होऊन आमच्याकडेच राहायची. तिने आप्पांशी बोलणं थांबवलं.

सात महिने.

एका घरात, एका चुलीवर, आणि मधे मी.

"कुमे, तुझ्या बापास्नी सांग, आंघुळीचं पाणी निवाय लागलंय."

आप्पा दोन हातांच्या अंतरावर बसलेले. "सांग तिला, मी बहिरा नाही."

"कुमे, त्यास्नी इचार, भाकरी वाढू का झाकून ठिवू."

"सांग, वाढ म्हणावं. आणि विचार, हे किती दिवस चालायचं."

"सांग, म्हणावं, कागदावर सही कराय लागती तेवढं दिस."

आत्याचा अबोला सगळ्या आळीला ऐकू जायचा. ताट आदळून नव्हे, ताट अलगद ठेवून. आप्पा घरात आले की तिची ओवी अर्ध्यात थांबायची, आणि ते थांबणं आप्पांना झोंबायचं. माणसं यायची, मनधरणी करायची. मामा आले, गुरव आले, हेडमास्तर आले. आत्या सगळ्यांना चहा द्यायची आणि आप्पांचा कप माझ्या हाती. अखेर एका सकाळी आप्पांनी फॉर्म काढला, सही केली आणि तिच्यापुढे टाकला.

"घे. आता तरी बोल."

आत्याने कागद उचलला, पुसला. "पाणी निवतंय," ती म्हणाली. "जावा."

म्हणून मला शंका नव्हती. नाही म्हटलं तर माणसं वाद घालतात, आपल्याला पटवतात, इंग्रजीत तर चुटकीसरशी पटवतात. अबोल्याला उत्तर नसतं. आणि या कॉलेजात सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय काही होत नव्हतं. मी हो म्हणणार नव्हते. हॅनाबाईंचं घर माझ्या एका शब्दावर अडून होतं, आणि तो शब्द मी दातांमागे घट्ट धरला होता. मला वाटलं, जगात अबोल्याला याहून चांगली जागा नसेल.

*

चर्चा सावकाश चालली. एक जण बोलायचा, मग सगळे गप्प, मग दुसरा. लायब्ररी सांभाळणारी ऑलिव्ह म्हणाली, तबेल्याचं छप्पर गळतं. गणिताचे म्हातारे सर म्हणाले, कॉम्प्युटर भविष्य आहे असं ऐकतो. मार्सी दोनदा पुढे सरकली आणि दोनदा मागे टेकली. मी हललेही नाही. डीननी "चार विद्यार्थी" पुन्हा म्हटलं तेव्हा मी पापणी उचलून त्यांच्याकडे असं बघितलं, की आप्पा असते तर उठून अंगणात गेले असते. डीननी मला बघून मान हलवली, आदराने.

मग चहा झाला. आल्याची बिस्किटं होती. सगळे खिडकीपाशी उभे राहिले आणि मी जागची उठले नाही. अबोल्यात पंगतीला जायचं नसतं. मला माहीत होतं, आता कोणीतरी येणार.

आणि लॉइड आले. स्वतःच्या हाताने चहा घेऊन. माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसले. मनधरणी आली, मी मनात म्हटलं, आत्या, हा बघ आला मामा.

लॉइडनी कप दोन्ही हातांत धरला. मग हळूच म्हणाले, "कुमुद, मी तीस वर्षं या सभांत बसतोय. तुला सांगू का?"

मी वर बघितलं नाही.

"इतकं स्वस्थ बसलेलं माणूस मी फार थोड्या वेळा पाहिलं. तुझ्यामुळे आज खोलीला बूड आलंय." त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला. "आभारी आहे."

आणि ते उठून गेले.

मी त्या चहाकडे बघत बसले. आत्याला सात महिन्यांत कोणी आभारी आहे म्हटलं नव्हतं. पण मग वाटलं, हा त्यांचा डाव असेल. आप्पांनीही एकदा आत्यासाठी बुचड्याच्या पिना आणल्या होत्या. मी चहाला हात लावला नाही. तेवढा तरी निरोप पोचेल.

कप गोळा करणारी ऑलिव्ह तो थंड चहा बघून पुटपुटली, "किती साधं राहते ही पोरगी."

पुन्हा बसलो. पुन्हा शांतता. लॉइडनी कागदावर चार ओळी लिहिल्या आणि वाचल्या: हॅना थॉर्न यांनी एकतीस वर्षं केलेलं काम कृतज्ञतेने खाली ठेवावं, असं सभेच्या मनात आलं आहे.

"कुणाला जड वाटतंय का?" त्यांनी विचारलं. क्वेकर रीतीत विरोध आहे का असं विचारत नाहीत.

"मान्य," गणिताचे सर म्हणाले. ऑलिव्ह म्हणाली, "मान्य," पण तोंडातल्या तोंडात. डीनही तेच म्हणाले. मार्सीने माझ्याकडे बघितलं, मग टेबलाकडे, मग म्हणाली, "बरं. मान्य."

लॉइडनी माझ्याकडे बघितलं. हाच तो क्षण होता. मी त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं, अगदी आत्यासारखं, आणि मग, वडीलधाऱ्या माणसाकडे असं बघत राहायची मला सवय नसल्यामुळे, मान खाली घातली.

लॉइडनी पेन उचललं आणि खाली आणखी एक ओळ लिहिली. वाचून दाखवली. "आपल्या तरुण भारतीय मैत्रिणीच्या गाढ शांततेने सभेला आपलं मन सापडायला मदत झाली, याची नोंद घेत आहोत."

मग सगळ्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले. तशी रीतच होती. सभा संपली.

*

ती ओळ पुढे छापली गेली. नव्या मुलांना पहिल्या दिवशी देतात त्या पुस्तिकेत आहे, अजून. माझं नाव नाही, "भारतातून आलेली एक विद्यार्थिनी" असं आहे. माजी विद्यार्थ्यांची पत्रिका मला वर्षातून चारदा येते. गेल्या वर्षी त्यांच्याकडून पत्र आलं, की चाळीस वर्षांच्या मेळाव्यात तुम्ही शांततेवर चार शब्द बोलाल का. मला काय लिहावं सुचेना, म्हणून मी उत्तर पाठवलं नाही. महिन्याभराने कार्यक्रमपत्रिका आली. त्यात माझं नाव होतं.

*

सभेतून बाहेर पडलो तर संध्याकाळ व्हायची होती. वाट चिखलाची. मार्सी माझ्याशी बोलेना, म्हणजे मला काळजी वाटायला लागली.

"काय झालं?" मी विचारलं. अबोला फक्त सभेशी होता.

"मी बोलणार होते," ती म्हणाली. "वाक्य तयार होतं माझं. तीन वाक्यं होती. हॅनाबाईंना घराबाहेर काढताय, तेवढं तरी स्पष्ट म्हणा, असं म्हणणार होते."

"मग?"

"मग तुझ्याकडे बघितलं. हात मांडीवर, डोळे खाली. म्हटलं, हिची बाई जातेय. दर मंगळवारी ही तिथे असते. हिला हे पटलंय, ही इतकी शांत आहे, मग मी न्यू जर्सीची भवानी मध्ये कशाला नाचू?"

मी थांबले. बुटात पाणी गेलं होतं.

"मार्सी, मी शांत नव्हते. मी रागावले होते."

"केव्हा?"

"पूर्ण वेळ."

"कसं काय रागावली होतीस?"

"गप्प बसून."

मार्सीने माझ्याकडे बघितलं. मग ती फार हळू म्हणाली, "कुमुद. हे क्वेकर कॉलेज आहे."

मी तिला आत्याचं सगळं सांगितलं, पाणी निवण्यापासून सहीपर्यंत. ती वाटेतच एका दगडावर बसली.

"पण तुझ्या आत्याला सगळे ओळखत होते," ती म्हणाली. "ती गायची, ती बोलायची. ती गप्प झाली तर घरातलं काहीतरी बंद पडल्यासारखं झालं असेल. तू इथे बोलतेसच कुठे? तू गप्प झालीस हे कुणाला कसं कळणार?"

मला राग आला, कारण ते खरं होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी प्रयोगशाळेत गेले. लॉइड एकटेच होते, काचेच्या नळ्या धूत होते. मी दारातच सांगून टाकलं, नाहीतर सांगितलं नसतं. "काल मला जड वाटत होतं. फार जड. मी मान्य म्हटलं नव्हतं."

लॉइडनी नळ बंद केला. पंच्याला हात पुसले, एकेक बोट. मला वाटलं, आता पुन्हा वीस मिनिटं.

"मलाही," ते म्हणाले.

"काय?"

"मलाही जड वाटत होतं. पण क्लार्कनं स्वतःचं वजन टाकायचं नसतं. कोणीतरी बोलेल म्हणून मी थांबलो होतो. खरं सांगायचं तर, तू बोलशील म्हणून. मग तुझा चेहरा बघितला आणि मला माझीच लाज वाटली. म्हटलं, जिचं सगळ्यात जास्त जातंय तिला हे सोसतं, आणि मी कुरकुरतोय." ते स्टुलावर बसले. "ऑलिव्ह काल जिन्यात भेटली. तिचंही तेच."

मी बोटांवर मोजलं. मार्सी, ऑलिव्ह, लॉइड, मी. सहातले चार.

"मग हवं कुणाला होतं?"

"डीनला," लॉइड म्हणाले. मग म्हणाले, "आता वाटतं, त्यालाही नसावं. तो विचारून बघत होता."

बाहेर कोणी सायकलची घंटी वाजवत गेलं. लॉइडना हसू आलं की काय मला कळेना. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले.

"पुन्हा सभा घेता येईल," ते म्हणाले. "आज दुपारी बोलावतो. पण एक अडचण आहे. मी काल संध्याकाळी हॅनाकडे जाऊन आलो. तिला सांगणं माझं कामच होतं. तिने आधी विचारलं, कुमुद होती का? मी हो म्हटलं. मग विचारलं, ती काय म्हणाली? तेव्हा मी जे बघितलं ते सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"की त्या खोलीत सगळ्यात खोल शांतता तुझी होती." त्यांनी चष्मा घातला. "त्यावर ती म्हणाली, मग मी जाते. आता मी जाऊन ते मोडलं, तर मी सभेच्या वतीने मोडल्यासारखं होईल. तू जा. तू तिला सांग ते खरं नव्हतं. तिने राहायचं म्हटलं, की बाकीचं माझ्यावर सोड. राहील ती. मला खात्री आहे."

इंग्रजीतलं वाक्य मी वाटेभर घोटलं. ती शांतता नव्हती, तो राग होता. सहा शब्द. तबेल्याच्या वळणापर्यंत ते मला झोपेतही म्हणता आलं असतं.

*

हॅनाबाईंचं दार उघडं होतं. त्या जमिनीवर बसून टेपच्या डब्यांच्या थप्प्या करत होत्या. इतक्या लवकर त्यांनी आवरायला घेतलं असेल असं मला वाटलं नव्हतं.

"ये," त्या म्हणाल्या. "तुझ्या आत्याचे सात डबे झाले. हे माझ्याबरोबर येतात. डोंगरातल्या बायांचे ऑलिव्ह ठेवून घेईल लायब्ररीत."

"हॅनाबाई, मला काही सांगायचंय."

"सांग. पण आधी माझं ऐक, मी म्हातारी आहे, विसरेन." त्यांचा चेहरा उजळलेला होता, इतक्या महिन्यांत मी तो तसा बघितला नव्हता. "काल दुपारी मी या खुर्चीत बसले होते आणि माझे हात कापत होते. कामाचं नाही गं. काम कधीतरी खाली ठेवायचंच. मला भीती होती भांडणाची."

"भांडण झालं नाही."

"तेच तर. तुला माझ्या वडिलांचं कधी सांगितलं नाही. आमच्या गावच्या प्रार्थनासभेत फूट पडली, मी आठ वर्षांची असताना. विषय काय होता, तर बाकांना उशा लावायच्या का. वडील एका बाजूला, काका दुसऱ्या बाजूला. मग सत्तावीस वर्षं दोघं समोरासमोरच्या घरात राहिले आणि एक शब्द बोलले नाहीत. काका वारले तेव्हा वडील खिडकीतून बघत होते." त्यांनी एक डबा उचलला, वरचं नाव वाचलं, खाली ठेवला. "मला वाटत होतं, माझ्यापायी इथे तसं होणार. मार्सी डीनवर ओरडेल, ऑलिव्ह रडेल, लॉइड मधे सापडेल. आणि मी जाईन तेव्हा मागे तशीच दोन घरं सोडून जाईन. संध्याकाळी लॉइड आला आणि म्हणाला, एकही आवाज चढला नाही. मला रडू आलं. बहिणीला मी तेव्हाच फोन केला. मेन राज्यात असते ती. खोली तयार आहे म्हणाली, समुद्र दिसतो."

मी तशीच उभी. सहा शब्द तोंडात होते.

"लॉइड चांगला माणूस आहे," हॅनाबाई म्हणाल्या, "पण त्याला सगळ्याच शांतता चांगल्या वाटतात. मी त्याच्या सांगण्यावर जात नाही. तू तिथे होतीस. तुझा कान मला ठाऊक आहे. मला एवढंच सांग, कुमुद. ती शांतता खरी होती?"

खिडकीतून तबेला दिसत होता. आत कोणी नव्हतं. दुपारी लॉइड सगळ्यांना बोलावणार होते. मार्सीची तीन वाक्यं अजून तयार असणार. ऑलिव्ह या वेळी मोठ्याने बोलेल. डीन हरतील आणि मनात ठेवतील, किंवा ठेवणार नाहीत. हॅनाबाई राहतील. खुर्चीत बसून त्यांचे हात कापतील.

त्या माझ्याकडे बघत होत्या.

"हो," मी म्हटलं.

एल्डर क्रीकमध्ये आल्यापासून इतक्या स्पष्ट आवाजात मी काही बोलले नव्हते. माझं मलाच चमकल्यासारखं झालं.

त्या आणखी थोडा वेळ बघत राहिल्या, जरा जास्तच. मग मान हलवली. "तू काही सांगायला आली होतीस."

"एवढंच."

"बरं." त्यांनी आत्याच्या सात डब्यांभोवती सुतळी गुंडाळली, उभी आणि आडवी, आणि दोन्ही टोकं हातात धरली. "ये इकडे. मधे बोट ठेव, सैल पडते."

मी गुडघ्यांवर बसले आणि सुतळी जिथे एकमेकींवरून जात होती तिथे बोट दाबून धरलं. हॅनाबाईंनी गाठ आवळली. बोट काढायला मला जरा उशीर झाला.